लाल दिव्याचं बटण

झाशीच्या सीपरी बाजारात वसुंधराबाईंना "हे काही जमायचं नाही" असं आता कुणी म्हणत नाही. म्हणणारे होते, पण एकेकदा म्हणून झाल्यावर सगळे शहाणे झाले. पंचावन्नाव्या वर्षी त्या मोटार शिकायला निघाल्या तेव्हा शेजारचे गुप्ताजी हसून म्हणाले होते, "बहनजी, अब इस उमर में?" पुढे एकदा त्याच गुप्ताजींना ऑटो मिळेना आणि रेल्वे सुटायची वेळ झाली, तेव्हा बाईंनीच त्यांना स्टेशनवर नेऊन सोडलं. गुप्ताजी मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसले होते. उतरल्यावर त्यांनी हात जोडले, ते आभाराचे की सुटकेचे, देव जाणे.

सदर बाजारातल्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करून बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी स्वतःची गाडी घेतली, ती इलेक्ट्रिक. घरात भूकंप झाला. नवरा रमाकांतराव रेल्वेत गार्ड होते; सगळा जन्म गाडीच्या शेपटाकडच्या डब्यात उभं राहून हिरवा झेंडा दाखवण्यात गेलेला. ते म्हणाले, "हे बघ, वर तार असली की ती इलेक्ट्रिक गाडी. तार नसली की तो टॉर्च. सेल संपले की बसा अंधारात!"

"अहो, तुमच्या तारेतली वीज गेली की तुमची गाडीसुद्धा उभीच राहायची ना?" बाई म्हणाल्या. "ललितपूरच्या अलीकडे तीन तास उभे होतात, आठवतंय का? डबा मी पाठवला होता."

रमाकांतरावांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या घरात पेपर वर गेला की विषय मिटला असं समजतात.

आता एवढी हौस इलेक्ट्रिकचीच का? तर सासूबाईंसाठी. कमळाबाईंचं वय शहाऐंशी. वजन पस्तीस किलो, त्यात आवाजाचंच निम्मं. या बाईंना जन्मभर गाडी लागायची. डिझेलचा वास आला की पोटात ढवळायचं. सीपरीहून सदरला ऑटोत जायचं म्हटलं तरी हातात लिंबू आणि पदरात पिशवी. बस तर त्यांनी कधीच सोडून दिली होती. रेल्वे तेवढी चालायची, पण पडून खुब्याचं हाड मोडलं, हाती वॉकर आला आणि डब्याच्या त्या उंच पायऱ्या कायमच्या दूर गेल्या. दारासमोरचा रस्ता आणि खिडकीतलं कडुनिंबाचं झाड, एवढीच म्हातारीची दुनिया उरली.

गाडी बघायला गेले तेव्हा वसुंधराबाईंनी त्यांना मुद्दाम बरोबर नेलं होतं. पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि किल्ल्याला एक चक्कर मारून आणली. परत दुकानासमोर येऊन थांबल्या, तेव्हा डोळे मिटून लिंबू हुंगत बसलेल्या कमळाबाई म्हणाल्या, "अगं वसू, सुरू कधी करणार? जीव टांगणीला लागलाय."

"आई, आपण फिरून आलो!"

म्हातारीने एक डोळा उघडला, मग दुसरा. लिंबाकडे पाहिलं. "परत जाऊ या," त्या म्हणाल्या. वसुंधराबाईंनी त्याच दिवशी गाडी पक्की केली.

कमळाबाईंचा आणखी एक गुण सांगायलाच हवा, कारण सगळं रामायण त्यातूनच झालं. त्यांना चालू बटण बघवत नाही. त्यांचे यजमान रामकृष्णराव रेल्वे क्वार्टरमध्ये रोज निजायच्या आधी विचारायचे, "बटणं बघितली का?" यजमान जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, पण कमळाबाई रोज त्या प्रश्नाचं उत्तर देतात. वॉकर टेकत टेकत घरभर फेरी मारतात आणि जिथे लाल दिवा दिसेल तिथे बोट. गीझर बंद, पंखा बंद, कुणाचा मोबाइल चार्जिंगला लावलेला, तोही बंद. नातू मिलिंद नागपूरहून घरी आला की लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत बसायचा आणि नेमकं मोठ्या साहेबांशी बोलणं चालू असताना इंटरनेटचा डबा बंद व्हायचा. "आजीऽऽ!" तो ओरडायचा. "अरे, उगाच जळत होतं," आजी म्हणायच्या.

म्हणून गाडी घरी आली तेव्हा वसुंधराबाईंनी खालच्या व्हरांड्यात चार्जिंगच्या बटणावर लाकडी पेटी ठोकून घेतली आणि पेटीला कुलूप लावलं. किल्ली कमरेला. म्हातारी दोन दिवस त्या पेटीकडे संशयाने बघत होती. मग विसरली. वसुंधराबाईही विसरल्या, आणि हेच पुढे महागात पडलं.

गाडी एकदा भरली की मोठ्या रस्त्यावर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जायची. लोक विचारायचे, "और आगे?" पुढे जायला बाईंची स्वतःची युक्ती होती. त्यांचं माहेर पेशव्यांच्या काळापासून बुंदेलखंडात रुजलेलं. त्यामुळे दतिया म्हणू नका, ललितपूर म्हणू नका, सागर म्हणू नका, प्रत्येक गावात कुणी मावशी, कुणी मामेभाऊ, कुणी नुसतंच "आपल्यातलं". पूर्वीची माणसं बैलगाडीने निघायची तेव्हा मुक्काम अशाच घरांत टाकायची. बाईंनी तीच वाट धरली. ज्या घरात ओळख आहे आणि गीझरचा मोठा प्लग आहे, तिथे गाडीची तार लावायची. "आपल्या माणसांकडे गेलं की जेवल्याशिवाय सोडतात का? मग तेवढ्यात गाडीपण जेवते," त्या म्हणायच्या. एकदा मैत्रिणीकडे गरौठ्याला गेल्या आणि तिथली वीज जी गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बाई मजेत राहिल्या आणि येताना डिकी भरून मटार घेऊन आल्या. रमाकांतराव म्हणाले, "अडकलीस ना?" त्या म्हणाल्या, "पाहुणचार घेतला. आता मटार सोला."

अशात नागपूरहून फोन आला. मिलिंद आणि शर्वरीला मुलगी झाली. कमळाबाईंना पणती! आणि पणजी होणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे? पणतवंडाचं तोंड पाहिलं की त्या म्हातारीवर सोन्याची फुलं उधळायची, ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी म्हणालं, ती तर पणतूसाठी असते. बाळंतिणीच्या खाटेवरूनच शर्वरी कडाडली, "आमच्याकडे पणतीला उधळणार. आजींनी यायचं." कमळाबाईंनी हे ऐकलं आणि कपाटातलं जांभळं नऊवारी उन्हात टाकलं.

पण जायचं कसं? रेल्वेच्या पायऱ्या चढवत नाहीत. डिझेलच्या गाडीत बाराव्या मिनिटाला ओकारी. मिलिंद म्हणाला, "आई, इलेक्ट्रिकने झाशी ते नागपूर? पावणेसहाशे किलोमीटर आहे! कुठे मध्येच बंद पडली तर आजीला घेऊन काय करशील? त्यापेक्षा व्हिडिओ कॉल करू."

फोन स्पीकरवर होता. पलंगावरून आवाज आला, "फुलं काय फोनमध्ये टाकणार का रे?"

मग कमळाबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या हळू बोलल्या म्हणजे खरंच काही असतं, "मला एकदा त्या पोरीला मांडीवर घ्यायचंय. परत कधी जमेल सांगता येत नाही."

"मी नेते," वसुंधराबाई म्हणाल्या. "आई, मी तुम्हाला पाळण्याच्या आधी तिथे पोचवते. शब्द देते."

पाळणा चारचा ठरला. मिलिंदने स्पष्टच सांगितलं, "आई, बाळ लहान आहे, पाहुणे लांबून येणार. वेळेवर आला नाहीत तर थांबवता येणार नाही." रमाकांतरावांनी सोन्याच्या फुलांची डबी, बाळाचं अंगडं-टोपडं आणि स्वतःला घेऊन सरळ रेल्वेचं तिकीट काढलं. "मी रेल्वेचा माणूस. कुणीतरी नक्की पोचलेलं बरं," ते म्हणाले. बाईंनी त्यांना स्टेशनवर नेऊन सोडलं, अर्थातच टॉर्चमधून.

सासू-सून आदल्या दिवशी सकाळी निघाल्या. दोघींच्या हातावर दही घालायला शेजारच्या गुप्ताबाई आल्या. ललितपूरला थोडं थांबून गाडीला आणि म्हातारीला विसावा दिला. कमळाबाईंनी वाटेतला प्रत्येक ट्रक, प्रत्येक तलाव, प्रत्येक माकड डोळे भरून पाहिलं. लिंबू डब्यातच राहिलं. संध्याकाळच्या आत सागर आलं. तिथे दामोदर, वसुंधराबाईंचा मामेभाऊ, दारात उभाच होता.

"वसूताई, तार कुठे लावायची ते बघून ठेवलंय!" तो ओरडला. मागच्या पडवीत, न्हाणीघराच्या दाराशेजारी गीझरचा मोठा प्लग होता. तार लागली, बटणावरचा लाल दिवा पेटला, गाडीत हिरवा दिवा उघडझाप करायला लागला. सकाळपर्यंत गाडी काठोकाठ भरणार, मग पहाटे निघून एका दमात सिवनीपर्यंत जायचं, तिथे रस्त्यावरच्या मोठ्या मशीनवर तासभर गाडी भरायची की नागपूर आलंच. बाईंनी दामोदरला बजावलं, वहिनीला बजावलं, कामवालीला बजावलं, "या बटणाला कुणी हात लावायचा नाही हं." सगळ्यांना बजावलं. राहिलं एकच माणूस.

पहाटे वसुंधराबाई अंघोळ करून गाडीजवळ आल्या. गाडीतला दिवा विझलेला. आकडा बघितला तर शेहेचाळीस टक्के. काठोकाठ सोडा, अर्धीसुद्धा नाही.

तोंडचं पाणीच पळालं त्यांच्या. पडवीत गेल्या. वीज होती, न्हाणीघराचा दिवा लागत होता. बटण मात्र वर. लाल दिवा बंद. आणि न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून पडवीभर वॉकरच्या रबरी पायांचे चार चार वाळलेले ठसे उमटलेले, नेमके त्या बटणापर्यंत जाऊन परत फिरलेले.

राग आला. असा भयंकर राग आला की कानशिलं तापली. जन्मभराची खोड, आणि आजच नडायची होती? ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, तिनेच पायावर धोंडा पाडून घ्यावा? आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला. घरी कुलूप लावणारी मी, इथे साधं सांगायचंसुद्धा सुचलं नाही मला! त्या तरातरा खोलीकडे गेल्या. आता बोलणारच होत्या.

कमळाबाई खाटेवर बसलेल्या. जांभळं नऊवारी नेसून तयार. केस विंचरून, एवढासा अंबाडा घालून, मांडीवर पर्स धरून, शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर धरून बसावं तशा. कधीपासून बसल्या होत्या कोण जाणे.

"निघायचं का गं?" त्या म्हणाल्या. "मी केव्हाची तयार आहे."

वसुंधराबाईंच्या ओठावर आलेलं सगळं तिथेच विरघळलं. "निघायचं, आई," त्या म्हणाल्या.

बाहेर दामोदर कपाळाला हात लावून उभा होता. त्याला वाटलं, घराच्याच वायरिंगने दगा दिला. "ताई, गावात मोठं मशीन आहे, पण ते एका शोरूमच्या आवारात. दहाला फाटक उघडतं. थांब तोपर्यंत."

"दहाला उघडणार, मग तास-सव्वा तास भरायला. नागपूरला दिवेलागण होईल. पाळणा चारला आहे, दामू."

"मग काय करणार? पुढचं मशीन नरसिंहपूरच्या बायपासवर. सव्वाशे किलोमीटर तरी असेल. पोचेल का एवढ्यात?"

"नेहमीसारखी चालवली तर नाही पोचणार," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला. "दामू, नर्मदा कुठे लागते?"

"बरमानला. नरसिंहपूरच्या अलीकडे."

"आणि सागर तर डोंगरावर आहे. नदी काय डोंगर चढून येते का? म्हणजे इथून तिथपर्यंत रस्ता उतरतच जाणार ना? उतारावर पाय सोडला की माझी गाडी खात नाही, उलट दोन घास कमावते. सावकाश नेते. पोचते म्हणजे पोचते."

दामोदरने चहाचा थर्मास गाडीत ठेवला. त्याला ही बहीण लहानपणापासून माहीत होती.

सागर मागे पडलं. बाईंनी थंड हवेचं यंत्र बंद केलं, खिडक्या बोटभर उघडल्या आणि गाडी डाव्या कडेला पन्नासच्या चालीने लावली. मागून ट्रकवाले हॉर्न मारून जात होते. एका ऊसवाल्या ट्रॅक्टरने त्यांना ओलांडलं तेव्हा मात्र बाईंना जरा लागलं. पण पाय हलवला नाही. चढ आला की जीव मुठीत, उतार आला की पाय अलगद वर. आकडा कधी झरझर उतरायचा, कधी उतारावर एका जागी ठिय्या देऊन बसायचा. रमाकांतरावांचे फोन येत होते. वाजू दिले. रेल्वेच्या माणसाशी आत्ता बोलायला कुणाला सवड होती?

देवरी मागे गेलं. कमळाबाईंनी पदराने वारा घ्यायला सुरुवात केली.

"वसू, काल माझ्यासाठी गार हवा लावली होतीस. आज नाही लावलीस?"

"बाहेरची हवा छान आहे ना, आई."

"आणि बैलगाडीसारखी का चालवतेस?"

"तुम्हाला सगळं नीट दिसावं म्हणून."

थोडा रस्ता गेला. मग म्हातारी खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "न्हाणीजवळचा तो लाल दिवा गाडीचा होता का गं?"

वसुंधराबाईंनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि ते जमलं नाही. एवढी वर्षं एका घरात काढल्यावर खोटं बोलायचं तरी कुणाशी? "हो आई," त्या म्हणाल्या. "पण चूक माझी. मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

कमळाबाई पर्सच्या बंदाला पीळ देत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "थांबव."

"काय झालं? मळमळतंय का?"

"मला इथेच उतरव. झाडाखाली बसते. गाडी हलकी होईल. तू जाऊन वीज भरून आण आणि मग मला घेऊन जा."

वसुंधराबाईंना हसू फुटलं, आणि त्याच हसण्यात डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे समोरचा रस्ता क्षणभर धूसर झाला. "पस्तीस किलो उतरवून किती वाचणार, आई? आपल्या डिकीतल्या बेसनलाडवांचं वजन तुमच्यापेक्षा जास्त आहे!"

"मग लाडू उतरव!"

"लाडू शर्वरीचे आहेत. आणि तुम्हाला मी शब्द दिलाय. तुम्ही नसलात तर मी नागपूरला जाऊन कुणाला दाखवू, गाडी?"

म्हातारीने पदराने डोळे पुसले, नाकही पुसलं. "ते विचारायचे ना रोज," त्या म्हणाल्या, "म्हणून हात जातो."

"माहीत आहे मला."

घाट उतरला आणि नर्मदा आली. पुलावरून दोघींनी हात जोडले. वसुंधराबाईंनी एकच हात जोडला, दुसरा स्टिअरिंगवर होता. आकडा तेव्हा चौदावर होता. सपाट रस्त्यावर तो पुन्हा गळायला लागला. दहा झाला, आठ झाला, गाडीने लाल अक्षरांत तक्रार सुरू केली. "कळलं, कळलं, ओरडू नको," बाई तिला म्हणाल्या. बायपासवरच्या ढाब्याची पाटी दिसली तेव्हा आकडा चारवर होता. गाडी आवारात शिरली आणि दोघींचा जीव भांड्यात पडला.

पण तिथे मशीनं दोन. एकावर कागद चिकटवलेला, "बंद है". दुसऱ्याला एक मोठी पांढरी गाडी लागलेली आणि तिचा मालक, बियाण्यांचा व्यापारी असावा, खाटेवर बसून निवांत पराठे खात होता. त्याच्या गाडीची बॅटरी ऐंशीच्या वर गेलेली. ऐंशीनंतर मशीन फार हळू भरतं. त्याला शंभर हवे होते. अजून पाऊण तास तरी. वसुंधराबाई त्याच्याकडे जायला निघाल्या, तोवर खिडकीतून सासूबाईंचा खणखणीत बुंदेली आवाज आवारभर घुमला.

"काए भैया, और कित्ती देर लगहै?"

व्यापारी दचकून उठला. "अम्मा, बस थोड़ी देर."

मग कमळाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. पणतीचा पाळणा, सोन्याची फुलं, चारची वेळ. वसुंधराबाई म्हणणार होत्या की आमच्याकडे वीज गेली होती, पण म्हातारीने त्यांना बोलूच दिलं नाही. "बिजली नईं गई ती," तिने ढाब्यावरच्या समस्त मंडळींसमोर जाहीर केलं, "बटन तो हमईं ने बंद कर दओ तो!"

व्यापारी असा हसला की पराठा घशात अडकला. उठून त्याने स्वतःच्या हाताने तार काढली आणि बाईंच्या गाडीला लावून दिली. "अम्मा, हमारी दादी भी यही करती थीं," तो म्हणाला. कमळाबाईंनी शर्वरीचे दोन लाडू त्याला दिले. गाडी तेवढीच हलकी झाली.

तिथून पुढे बाईंनी गाडी गाडीसारखी चालवली. गार हवासुद्धा लावली. सिवनीला अर्धा तास थांबून, दहीभात खाऊन, पुन्हा निघाल्या. सीमा ओलांडल्यावर पाट्या मराठीत दिसायला लागल्या, तेव्हा कमळाबाई प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लागल्या, "टायर पंक्चर काढून मिळेल" सुद्धा. नागपुरात मिलिंदच्या इमारतीच्या फाटकाशी रमाकांतराव येरझाऱ्या घालत होते. वळणावर ती मुकी गाडी दिसली मात्र, त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि जोरजोरात हलवायला सुरुवात केली. नेमका हिरवा होता.

"पोचलीस!" एवढंच ते बोलू शकले.

"नाहीतर काय? टॉर्चमध्ये सेल होते अजून," बाई म्हणाल्या.

वर पाळणा सजलेला, बायका पाळण्याभोवती उभ्या. शर्वरीने बाळ थेट पणजीच्या मांडीवर ठेवलं. इरा नाव ठेवायचं होतं, पण नाव कानात सांगण्याआधीच म्हातारीने तिच्या कानात आणखी काही सांगून टाकलं, काय ते कुणाला कळलं नाही. मग शर्वरीने डबी उघडली आणि इवलीइवली सोन्याची फुलं कमळाबाईंच्या पांढऱ्या केसांवर, जांभळ्या पदरावर उधळली. म्हातारी रडली, शर्वरी रडली, रमाकांतराव हिरव्या रुमालात तोंड लपवून रडले. वसुंधराबाई दोन दिवसांच्या दमणुकीने भिंतीला टेकून उभ्या होत्या. कमळाबाईंनी पदरातलं एक फूल उचललं, त्यांना जवळ बोलावलं, खाली वाकवलं आणि त्यांच्या अंबाड्यात खोचलं. "हे तुझं," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांची पंगत बसली, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की पणजीबाई कुठे दिसत नाहीत. खोलीत नाहीत, न्हाणीत नाहीत, गॅलरीत नाहीत. रमाकांतराव "आई, आई" करत जिन्याकडे धावले. वसुंधराबाई काय समजायचं ते समजल्या आणि लिफ्टने खाली गेल्या.

खाली पार्किंगमध्ये मिलिंदने त्यांची गाडी चार्जिंगला लावून ठेवली होती. भिंतीवरच्या बटणाचा लाल दिवा पेटलेला. त्याच्या अगदी समोर चौकीदाराची प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत कमळाबाई, आणि वॉकर असा आडवा लावलेला की बटणापर्यंत मांजरही जाऊ नये. चौकीदार बिचारा हात बांधून लांब उभा होता. कमळाबाईंच्या केसांत अजून दोन सोन्याची फुलं अडकलेली होती.

"आई, वर चला. सगळे शोधतायत तुम्हाला. पंगत बसलीये."

"तू जेवून घे," कमळाबाई बटणावरची नजर न हलवता म्हणाल्या. "तू दमलीयेस. उद्या परत गाडी चालवायचीये तुला. तोवर मी आहे इथे. कुणाला बंद करू देत नाही."

वसुंधराबाईंनी चौकीदाराकडून दुसरी खुर्ची मागून घेतली आणि त्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या. वरून दोघींची ताटं खालीच आली.